शेताची जोखीम मोजता, मग छातीची का नाही?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाची खरेदी आहे, ज्वारीचा भाव आहे, पीकविमा आहे. त्यांच्या जोडीला हृदयविकार हा विषय ठेवला तेव्हा दोन-तीन कार्यकर्त्यांनी मला विचारलं, 'हे काम डॉक्टरांचं. आपल्या बैठकीत ते कशाला?' प्रश्न रास्त आहे. मी शेतकी पदवीधर आहे, डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी लागेल हे मी सांगणार नाही, आणि सांगितलं तर तुम्ही ऐकूही नका. मला बोलायचं आहे ते जोखमीबद्दल. आणि जोखीम हा विषय कोरडवाहू शेतकऱ्याइतका दुसऱ्या कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

आपण काय करतो ते पाहा. कापसात तुरीच्या ओळी घालतो. कापूस गेला तर तूर हाताशी राहावी म्हणून. रब्बीच्या ज्वारीसाठी पावसाळ्यात रान मोकळं ठेवून ओल धरतो. उताराला आडवी पेरणी करतो. बांध घालतो. चांगल्या वर्षी कडब्याची एक गंजी मोडत नाही, पुढच्या वर्षासाठी राखतो. यातल्या एकाही गोष्टीनं पाऊस पडत नाही. दुष्काळ यायचा तेव्हा येतोच. पण ज्यानं हे केलं त्याचं घर टिकतं आणि ज्यानं केलं नाही त्याची जनावरं बाजारात जातात. जोखीम शून्य होत नाही, कमी होते. एवढंच गणित आज मी तुमच्या शेतातून उचलून तुमच्या छातीपर्यंत नेणार आहे.

हा काय श्रीमंतांचा रोग आहे?

गावोगाव एकच उत्तर मिळतं. 'हार्टचा आजार गादीवर बसणाऱ्यांना होतो. आम्ही उन्हातान्हात राबणारी माणसं, आम्हाला कशाचा आलाय?' हे उत्तर आपल्या बापजाद्यांच्या काळात बरंचसं खरं असेल. आज ते खरं राहिलेलं नाही. देशभरातल्या मृत्यूंचा जो अंदाज २०१६ सालासाठी काढला गेला, त्यात शंभरातले सुमारे २८ मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले होते. लकवा त्यातच धरलेला आहे, कारण त्याची मुळंही बरीचशी हीच.

कुणी म्हणेल, हे आकडे शहरांचे असतील. तर मग गडचिरोलीला चला. आपल्यापेक्षा मागास, आपल्यापेक्षा गरीब जिल्हा. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली उभ्या केलेल्या 'सर्च' या संस्थेनं ८६ गावांत दोन वर्षं झालेल्या प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी केली. १,५९९ मृत्यू झाले होते, त्यातले २२९ लकव्यानं. म्हणजे साताला एक. त्या गावांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण ताप नव्हतं, साप नव्हता, क्षय नव्हता, लकवा होता. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला मला सगळ्यात जास्त बोचलेला आकडा असा की, लकव्यानं गेलेल्या शंभरातली ८७ माणसं घरातच गेली.

आता जगाचा हिशोब. १७ देशांतल्या दीड लाखाहून अधिक लोकांची, शहरांतल्या आणि खेड्यांतल्या, काही वर्षं पाहणी झाली. भारत त्यात होता. २०१४ साली निष्कर्ष आले. श्रीमंत देशांतल्या लोकांकडे धोक्याची कारणं जास्त होती आणि तरी मरणारे कमी होते. गरीब देशांत धोक्याची कारणं कमी, पण झटके जास्त आणि झटका आल्यावर मरणारेही जास्त. का? त्यांचा रक्तदाब वेळेवर सापडतो, गोळी रोज पोटात जाते, झटका आला तर दवाखाना गाठता येतो. आपल्याकडे या तिन्ही ठिकाणी गळती आहे. म्हणजे हा श्रीमंतांना होणारा आणि गरिबांना मारणारा रोग आहे, असं म्हटलं तर चुकणार नाही.

आणखी एक गोष्ट. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिला झटका येण्याचं वय तपासलं गेलं. इतर देशांत ते सरासरीनं ५९ होतं. भारत आणि शेजारच्या देशांत ५३. सहा वर्षं आधी. आपल्यात ५३ व्या वर्षी माणूस काय करत असतो? मुलीचं लग्न काढत असतो. मुलाला शिकायला पाठवत असतो. बँकेचं कर्ज त्याच्याच नावावर असतं. सात-बारावर त्याचंच नाव असतं. अशा वेळी तो पडला म्हणजे घराचा आढाच खाली येतो.

डॉक्टरालाही सुटत नाही, याचा दाखला आपल्या मराठीतच आहे. ज्या डॉ. अभय बंगांचं नाव आता घेतलं त्यांनाच १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकारानं गाठलं. वैद्यकाचं उच्च शिक्षण झालेला, आदिवासी भागात साधेपणानं राहून काम करणारा माणूस. त्यांनी काय केलं? स्वतःच्या जेवणाचा, चालण्याचा, मनावरच्या ताणाचा हिशोब मांडला आणि एकेक गोष्ट बदलली. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचं पुस्तक २००० साली आलं. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात मिळेल, जरूर वाचा. मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. ज्ञान असणं वेगळं आणि स्वतःचा हिशोब मांडणं वेगळं. हिशोब ज्याचा त्यालाच मांडावा लागतो.

माळवदावरची माती

'पण मला काहीच होत नाही,' असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात आहे. त्याच्यासाठी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवून देतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथं बसलेल्या वयस्क माणसांना विसरता येणार नाही. किल्लारी, सास्तूर, उमरगा-लोहाऱ्याचा भाग. आपली घरं दगड-मातीची, वर जड माळवद. पावसाळ्यात गळतं म्हणून वर मातीचा थर टाकायचा, काही वर्षांनी आणखी एक थर. ओझं वाढत होतं. भिंती काही बोलत नव्हत्या. घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तक्रार करायला जागाच नव्हती. धरणी हलली तेव्हा त्या ओझ्याचा हिशोब एका क्षणात झाला. भूकंप आपल्या हातात नव्हता. छपरावरचं ओझं मात्र हातात होतं, फक्त ते कुणी मोजलं नव्हतं.

वाढलेला रक्तदाब असाच असतो. दुखत नाही, खुपत नाही. डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढलं आणि दुखलं नाही म्हणजे ठीक आहे, ही समजूत काढून टाका. बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. आत मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होत राहते, त्यांच्या आतून चरबीचा थर बसत जातो. एक दिवस तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. त्यालाच आपण झटका म्हणतो. झटका एका मिनिटात येतो, पण त्याची पेरणी वीस-पंचवीस वर्षं आधी झालेली असते.

दुखायच्या आधी तपासणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या मायबहिणींनी जगाला दाखवलेलं आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गटांत वेगवेगळ्या पद्धतीची तपासणी झाली, काही गटांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. २००९ साली निकाल आला. ज्या गटात विषाणूची चाचणी एकदाच केली गेली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. आयुष्यातली एकच चाचणी, तीही काही दुखत नसताना! या अभ्यासाचा दाखला आज जगभर दिला जातो. ज्या बायका लाज आणि भीती बाजूला ठेवून त्या तपासणीला गेल्या, त्यांच्या नवऱ्यांना दंडाला पट्टा बांधून बीपी मोजून घ्यायला कसली अडचण आहे, हे मला समजत नाही.

हिशोबाच्या नोंदी

मघाशी ५२ देशांचा अभ्यास सांगितला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य निष्कर्ष असा की, पहिल्या झटक्याच्या एकूण जोखमीपैकी ९० टक्क्यांच्या आसपास जोखीम नऊ गोष्टींत सापडते, आणि त्या सगळ्या मोजता येतात. जन्माचं नक्षत्र त्यात नाही, कपाळावरची रेषा नाही. वय आणि घराण्याचा वारसा आपल्या हातात नसतो हे खरं. बापाला, भावाला पन्नाशीच्या आसपास झटका आला असेल तर तुम्ही जास्त सावध राहायचं. पण बरंच काही हातात असतं. त्यातल्या आपल्या उपयोगाच्या पाच नोंदी सांगतो. वहीत लिहून घ्या.

पहिली नोंद रक्तदाबाची. दोन आकडे असतात. वरचा १४० किंवा अधिक, नाही तर खालचा ९० किंवा अधिक, असं दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून आलं तर रक्तदाब वाढलेला आहे, डॉक्टरांना दाखवायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. मोटारसायकलवरून उतरून धापा टाकत मोजलेला आकडा खरा नसतो.

दुसरी नोंद तंबाखूची. इथं मी जरा कडक बोलणार आहे. महाराष्ट्रात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा तंबाखू खाणारा, मळणारा, लावणारा निघाला. बिडी-सिगारेट ओढणारे शंभरात चारच्या आसपास. त्यामुळे आपण म्हणतो, 'मी काही ओढत नाही, नुसता बार भरतो.' तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याची जोखीम दुपटीच्या आसपास असते, असं त्याच ५२ देशांच्या अभ्यासात दिसलं. विष धुरातून गेलं काय आणि गालातून गेलं काय, जातं रक्तातच. नाडी वाढते, दाब वाढतो. आणि मायबहिणींनो, मिश्री हीसुद्धा तंबाखूच. दात घासायचं निमित्त, एवढाच फरक. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण पुडी कुठं मिळते हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. गडचिरोलीत २०१६ पासून शासन आणि 'सर्च' यांनी 'मुक्तिपथ' नावानं दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव समित्या उभ्या केल्या. ते तिथं सुरू करता येतं, तर इथं सुरुवात करायला काय हरकत आहे?

पैशाचाही हिशोब करा. रोज दहा रुपयांची तंबाखू धरली तरी वर्षाला ३,६५० रुपये होतात. एवढ्यात बीपीचं एक चांगलं मशीन येतं आणि वर पैसे उरतात. सोडल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस चिडचिड होते, हात खिशाकडे जातो. तो काळ काढला की सोपं होतं. एकट्यानं सोडण्यापेक्षा चार-पाच जणांनी एकाच दिवशी सोडा. पेरणीला सावड करता, याला का नाही?

तिसरी नोंद मिठाची आणि तेलाची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ. ग्रॅम मोजायला तराजू कुणाकडे आहे? म्हणून सोपी रीत सांगतो. घरात मिठाची एक किलोची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. पाच माणसांच्या घरात ती निदान चाळीस दिवस पुरली पाहिजे. जनावरांचं मीठ आणि लोणच्याचं मीठ वेगळं धरा. पंचवीस दिवसांत पुडी संपत असेल तर घरातला प्रत्येक माणूस ८ ग्रॅमवर आहे, आणि लोणचं, पापड, शेव-फरसाणातलं मीठ त्याच्यावर. कुणी म्हणेल, उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ नको का? हवं. मीठ बंद करा असं मी म्हणत नाही. भाजीत घातलेलं पुरे आहे. ताटात वरून घेतलेलं, ठेच्यातलं चिमूटभर जास्तीचं, ते कमी करा. उन्हात आधी पाणी लागतं.

तेलाचं म्हणाल तर माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण किलोच्या आत राहा. आणि कोणतं तेल, हेही पाहा. आपला भाग करडईचा. गावात घाणी होती. १९९४ नंतर खाद्यतेलाची आयात मोकळी होत गेली, स्वस्त पामतेल आलं आणि करडईचा पेरा मागे पडला. पामतेलातली जवळजवळ अर्धी चरबी घट्ट जातीची, रक्तातली चरबी वाढवणारी असते. करडईच्या तेलात ती दहा टक्क्यांच्या आसपासच. करडई, शेंगदाणा आलटून पालटून वापरा. आणि भाकरीला मागासलेपणाची खूण समजू नका. मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी, वर कांदा आणि दही. या ताटाला नाव ठेवायला कुणाला जागा नाही. शहरातली माणसं हीच ज्वारी आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून दुकानातून नेतात, आणि आपण ज्वारी विकून पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देतो.

चौथी नोंद पोटाच्या घेराची आणि साखरेची. अंगावर काटक दिसणाऱ्या माणसाचंही पोट सुटलेलं असू शकतं. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर मोजा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचा ८० च्या वर गेला म्हणजे सावध व्हायचं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली तर मधुमेह धरतात, ती पुन्हा तपासून खात्री करून घ्यायची. 'आम्ही कामच एवढं करतो, व्यायाम कशाला,' असं म्हणता. खरं सांगा, वर्षातले किती दिवस? नांगरट ट्रॅक्टरनं होते, मळणी यंत्रानं होते, शेतावर मोटारसायकल जाते. खरिपाचे दोन महिने पाठ मोडते आणि उन्हाळ्यात पारावर बसून दिवस जातो. शरीराला वर्षाची सरासरी कळत नाही. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला अर्धा तास झपझप चाला. शेत जवळ असेल तर गाडी घरी ठेवा. सुगीत काम आहे त्या दिवसांत वेगळं चालायची गरज नाही.

पाचवी नोंद मनाची. त्या ५२ देशांच्या अभ्यासात मनावरचा ताणही धरलेला आहे, आणि पैशाची ओढ त्यात मोजलेली आहे. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सावकाराचा निरोप आला की रात्री झोप लागते का? भाव पडला की छातीत धडधडतं की नाही? हे ओझं ध्यानधारणेनं उतरत नाही, ते भावानं उतरतं, त्यासाठी आपली लढाई आहेच. पण लढाई संपेपर्यंत माणूस शिल्लक राहिला पाहिजे. ताण उतरवायला दारू जवळ करणारे आपल्यात थोडे नाहीत. दारू रक्तदाब वाढवते, झोप मोडते आणि कर्ज वाढवते. त्यापेक्षा मनातलं कुणाशी तरी बोला. कर्जाचा आकडा बायकोपासून लपवू नका. वाटून घेतलेलं ओझं मोजता येतं, लपवलेलं येत नाही.

गोळीबद्दल दोन शब्द

चालणं, मीठ, तंबाखू यांनी दाब उतरला तर उत्तमच. बऱ्याच जणांना गोळी लागते. तिथं आपली एक खोड आड येते. महिनाभर गोळी घेतली, आकडा खाली आला, 'बरा झालो' म्हणून बंद केली. अहो, आकडा खाली आला तो गोळी चालू आहे म्हणून आला. ठिबक चालू आहे तोवर रोप टवटवीत. रोप टवटवीत दिसतंय म्हणून कुणी ठिबक काढून टाकतं का? गोळी कमी करायची की बदलायची, हे डॉक्टर ठरवतील. आपण आपल्या मनानं बंद करायची नाही.

या गोळ्या महागड्या नाहीत. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळायच्या असतात. २०१८ च्या सुमारास भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या चार जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. मोजक्या, ठरलेल्या गोळ्या, गावाजवळच्या केंद्रात पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा, एवढंच त्याचं सूत्र. यात अवघड यंत्र एकही नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासायची, हा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. मग आपल्या उपकेंद्रात बीपीचं मशीन चालू आहे का, महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात का, हे ग्रामसभेत उभं राहून कोण विचारणार? कापसाचा काटा तपासता, तसा दवाखान्याचा साठा तपासा. भीक मागायची नाही, हिशोब मागायचा.

मायबहिणींना वेगळं सांगायचं आहे

बाईला हृदयविकार होत नाही, हा समज पुरुषांपेक्षा बायकांचाच जास्त पक्का असतो. पाळी जाण्याच्या वयानंतर बाईचीही जोखीम वाढत जाते. बाळंतपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांना पुढच्या आयुष्यात ही जोखीम जास्त असते. अशा बहिणींनी दरवर्षी मोजून घ्यायचंच. बाईच्या झटक्यात कधी कधी छातीत जोराची कळ येतच नाही. दम लागतो, मळमळतं, पाठीत, जबड्यात दुखतं, कारण नसताना गळून जायला होतं. घरचे म्हणतात, 'कापूस वेचून दमली असेल, पित्त झालं असेल.' आणि तीही म्हणते, 'स्वयंपाक आटोपते, मग पडते.' हे म्हणायचं बंद करा. घरातल्या पुरुषांनी ते ऐकून घ्यायचंही बंद करा.

झटका आलाच तर

छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखणं. ते डाव्या हातात, मानेत, जबड्यात जाणं. दरदरून घाम, दम लागणं. हे काही मिनिटं थांबलं नाही तर गॅस समजून सोडा पिऊन पडून राहायचं नाही. सकाळी बघू म्हणायचं नाही. १०८ ला फोन करायचा. रुग्णवाहिकेची ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. रुग्णाला चालवायचं नाही, त्याला मोटारसायकल चालवत तर मुळीच जाऊ द्यायचं नाही. अ‍ॅस्पिरीनची ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खाण्याबद्दल फोनवर डॉक्टरांना विचारा. ज्याला तिची अ‍ॅलर्जी आहे किंवा रक्तस्राव होतो, त्यानं ती घेऊ नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. एकेक तास गेला की हृदयाचा तेवढा भाग कायमचा जातो. ज्याच्या जवळच्या दवाखान्यात ईसीजी निघतो, त्यानं तिथं आधी जावं. कुठं निघतो, हे आजच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता नव्हे.

खर्चाची भीती वाटते म्हणून माणसं घरी थांबतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीसारखे उपचार बसतात. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत आपला जिल्हा असल्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही ती पूर्वीपासून लागू होती. आता ती सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते आधी लिहून ठेवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत, घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशा जागी.

माणसाचा घसारा

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या अर्थशास्त्रातला आहे. हमीभावासाठी उत्पादन खर्च काढतात तेव्हा अवजारांचा घसारा धरतात, बैलांचा खर्च धरतात, घरच्या माणसांची मजुरीही कागदावर मांडतात. मजुरीचा दर किती खोटा असतो त्यावर आपण नेहमी भांडतो. पण ज्या माणसाच्या जिवावर हे सगळं चालतं त्याच्या शरीराचा घसारा कोणत्या रकान्यात आहे? कुठल्याच नाही. सरकार धरत नाही हे आपण ओरडून सांगू. पण आपण तरी कुठं धरतो? नांगराचा फाळ झिजला की लोहाराकडे नेतो. बैल लंगडला की त्या दिवशी जुंपत नाही, जनावरांचा डॉक्टर बोलावतो. स्वतःला मात्र वीस-वीस वर्षं तपासणीशिवाय जुंपतो. बैलापेक्षा शेतकरी स्वस्त, हे सरकारनं ठरवण्याआधी आपणच ठरवून टाकलेलं आहे.

म्हणून आजच्या बैठकीपुढं कार्यक्रम ठेवतो. मंजूर करायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

एक, प्रत्येक गावशाखेनं वर्गणीतून बीपीचं एक मशीन घ्यायचं. दीड-दोन हजारांचं काम आहे. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजायचं कसं ते आरोग्यसेविका किंवा आशाताईंकडून शिकून घ्यायचं.

दोन, रब्बीची पेरणी आटोपल्यावर गावातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा, बाईचा आणि पुरुषाचा, रक्तदाब मोजायचा आणि ज्याचा आकडा त्याच्या हातात चिठ्ठीवर लिहून द्यायचा. आकडा खाजगी आहे, तो पारावर वाचायचा नाही. ज्यांचा वाढलेला आहे त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जायचं.

तीन, ज्यांना तंबाखू सोडायची आहे त्यांनी गटानं एक तारीख ठरवायची. आपल्या बैठकीत आजपासून तंबाखूची पुडी फिरणार नाही. सुरुवात व्यासपीठावरून.

चार, प्रत्येक ग्रामसभेत उपकेंद्रातल्या गोळ्यांच्या साठ्याचा प्रश्न लेखी विचारायचा आणि लेखी उत्तर घ्यायचं.

पाच, पुढच्या जिल्हा बैठकीत प्रत्येक गावानं तीन आकडे आणायचे. किती जणांचा मोजला, किती जणांचा वाढलेला निघाला, किती जणांची गोळी चालू आहे. नावं नकोत, आकडे हवेत.

हे केल्यानं गावात कुणालाच झटका येणार नाही, असं मी म्हणत नाही. बांध घातलेल्या रानातही दुष्काळ पडतो. पण बांधाच्या रानात ओल जास्त दिवस टिकते, हे तुम्हाला सांगायला शेतकी पदवीधर लागत नाही. बाहेर मांडवात टेबल लावलेलं आहे, मशीन आहे, दोन आरोग्यसेविका आल्या आहेत. जेवणाच्या आधी मोजून घ्या, चहाच्या आधी. रांगेत पहिला मी आहे.